चोरीचा माल जवळ सापडला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना मोबाइल, जुनी दुचाकी किंवा मोडीचे सोने घेणाऱ्यांना, भंगाराचा धंदा करणाऱ्यांना, वस्तू चोरीला गेलेल्यांना आणि फौजदारी कोर्टात नव्याने उभे राहणाऱ्या वकिलांना पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांप्रमाणे आहेत. जुनी कलमे अजून सगळ्यांच्या तोंडी असल्याने गरज पडेल तिथे तीही दिली आहेत.

कायद्याच्या भाषेत 'चोरीचा माल' म्हणजे काय?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७(१) मध्ये व्याख्या आहे. चोरी, खंडणी, जबरी चोरी किंवा फसवणूक यांतून ज्या वस्तूचा ताबा गेला ती, तसेच अपहार किंवा फौजदारी विश्वासघात झालेली मालमत्ता म्हणजे चोरीचा माल. जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम ४१० मध्ये 'फसवणूक' नव्हती. ती नव्याने आली आहे. मूळ गुन्हा भारताबाहेर घडला असला तरी व्याख्या लागू होते.

वस्तू कायदेशीर हक्कदाराच्या ताब्यात परत गेली की ती चोरीचा माल राहत नाही. चोरीची वस्तू विकून आलेले पैसे सहसा या व्याख्येत बसत नाहीत, कारण चोरी वस्तूची झालेली असते, त्या नोटांची नाही. सोने वितळवून लगड केली तर सोने तेच राहते. मात्र ही लगड त्याच दागिन्यांची आहे हे सिद्ध करणे सरकार पक्षाला फार जड जाते.

माल जवळ सापडला की दोषी धरतात, असे कोणत्या कलमात म्हटले आहे?

अशा शब्दांत कुठेच म्हटलेले नाही. पुराव्याच्या कायद्यात आहे ते एक गृहीतक. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११९, म्हणजे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११४, न्यायालयाला इतकेच सांगते की निसर्गाचा नेहमीचा क्रम, माणसांची वागणूक आणि व्यवहाराची रीत पाहून जे घडले असणे संभवनीय वाटते ते गृहीत धरता येईल. त्याखालील उदाहरण (अ) आपल्या विषयाचे आहे. चोरीनंतर लगेच ज्याच्या ताब्यात चोरीचा माल आहे तो एकतर चोर असतो, किंवा माल चोरीचा आहे हे ठाऊक असून त्याने तो घेतलेला असतो. मात्र ताब्याचा खुलासा त्याला देता आला तर नाही.

त्याच कलमाचा पुढचा भाग युक्तिवादात फारसा वाचला जात नाही, आणि तो वाचायला हवा. एका दुकानदाराच्या गल्ल्यात खूण केलेला रुपया चोरीनंतर लगेच सापडतो. तो कोणाकडून आला हे त्याला सांगता येत नाही, पण धंद्यात त्याच्याकडे दिवसभर रुपये येतच असतात. अशी वस्तुस्थितीही न्यायालयाने विचारात घ्यावी, असे कायदा म्हणतो. गृहीतकाची मर्यादा त्या कलमातच लिहून ठेवली आहे.

'गृहीत धरू शकेल' आणि 'गृहीत धरील' यांत फरक काय?

फार मोठा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २ मध्ये दोन्ही शब्दप्रयोगांच्या व्याख्या आहेत. 'गृहीत धरील' असे असेल तिथे विरुद्ध पुरावा येईपर्यंत न्यायालयाला दुसरा पर्याय नसतो. 'गृहीत धरू शकेल' असे असेल तिथे न्यायाधीश गृहीत धरतील किंवा 'आधी पुरावा आणा' असेही म्हणतील. कलम ११९ या दुसऱ्या प्रकारातले आहे. "माल मिळाला, आता आरोपीनेच निर्दोषपणा सिद्ध करावा" हे वाक्य या कलमापुरते चूक आहे. गुन्हा सिद्ध करण्याचा मूळ भार कलम १०४ प्रमाणे शेवटपर्यंत सरकार पक्षावरच राहतो.

गृहीतकापर्यंत पोहोचण्याआधी सरकार पक्षाने काय सिद्ध करायचे असते?

चार गोष्टी, आणि चारही नेहमीच्या काटेकोरपणे, म्हणजे वाजवी संशयापलीकडे.

पहिली, मुळात चोरी झाली. फिर्याद उशिरा आली, तिच्यात वस्तूचे वर्णनच नाही आणि जप्तीनंतर घेतलेल्या पुरवणी जबाबात मात्र ते बारीकसारीक उतरले, तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो.

दुसरी, सापडलेली वस्तू हीच चोरीला गेलेली वस्तू. बहुतेक खटले इथे मोडतात. 'सोन्याची चेन, अंदाजे १५ ग्रॅम' असे वर्णन हजारो चेनना लागू पडते. 'कडीजवळ डाग दिलेला, मागे सोनाराचा शिक्का, पदकावर अक्षर कोरलेले' असे फिर्यादीतच असेल तर गोष्ट वेगळी. वस्तूची ओळख पटवताना तिच्यासारख्याच इतर वस्तू शेजारी ठेवायला हव्यात. एकच चेन टेबलावर ठेवून "ही तुमचीच ना?" असे विचारले तर त्या ओळखीला फारशी किंमत उरत नाही. मोबाइलला आयएमईआय (फोनचा पंधरा अंकी ओळख क्रमांक) आणि गाडीला चासी व इंजिन क्रमांक असल्याने हे काम सोपे असते. रोख रकमेत ते सर्वांत अवघड. नोटांचे क्रमांक कोणी लिहून ठेवलेले नसतात, आणि 'पाचशेच्या चाळीस नोटा' ही काही ओळख नव्हे.

तिसरी, वस्तू आरोपीच्याच ताब्यात होती. चौथी, ती चोरीनंतर लगेच सापडली.

यांतली एक कडी तुटली तरी गृहीतकाला आधार उरत नाही, मग आरोपीचा खुलासा कितीही लंगडा असो. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये त्र्यंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात भादंविच्या कलम ४११ साठी (चोरीचा माल घेणे किंवा ठेवणे, आता न्याय संहितेचे ३१७(२)) तीन घटक सांगितले: माल आरोपीच्या ताब्यात होता, त्याआधी तो दुसऱ्या कोणाच्या ताब्यात होता, आणि तो चोरीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते. आजही युक्तिवाद याच मांडणीवर चालतो.

'लगेच' म्हणजे किती दिवस?

कायद्यात दिवस दिलेले नाहीत, आणि तसे ते देताही येणार नाहीत. वस्तू किती झपाट्याने हात बदलते यावर सगळे ठरते. रोकड, मोबाइल, भांडी या वस्तू चार दिवसांत चार जणांकडून फिरू शकतात. त्यांच्यासाठी काही आठवडेही जास्त ठरतील. देवळातली जुनी मूर्ती, वापरात नसलेले यंत्र किंवा सहज ओळखता येणारा दागिना बाजारात चटकन खपत नाही. तिथे काही महिनेही 'लगेच'मध्ये मोडू शकतात.

एरभद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८३) या खटल्यात खुनाच्या वेळी गेलेले दागिने आणि साड्या सुमारे वर्षभराने आरोपीकडून मिळाल्या. तो घरगडी होता आणि घटनेनंतर फरार झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने वर्षाचा काळ जास्त मानला नाही, कारण फरारीमुळेच तो लांबला होता. हा निकाल 'वर्षभर चालते' अशा अर्थाने पुढे केला जातो. तसा तो नाही. त्यातून फरारी वजा करून पाहिली की फारसे काही उरत नाही.

ताबा कोणाचा धरतात? घरात पाच माणसे राहत असतील तर?

ताबा म्हणजे वस्तू तिथे आहे याची जाणीव आणि तिच्यावरचे नियंत्रण. सगळ्यांना उघड्या असलेल्या माळ्यावर किंवा कुलूप नसलेल्या सामाइक खोलीत वस्तू सापडली तर ती अमुक एकाच्याच ताब्यात होती असे नुसत्या पत्त्यावरून म्हणता येत नाही. घर वडिलांच्या नावावर आहे म्हणून मुलाच्या बॅगेतला माल वडिलांचा होत नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे होती, खोली कोण वापरत होते, बॅगेत आणखी कोणाचे कागद होते, हे सारे पंचनाम्यात यावे लागते.

उलट बाजूही आहे. न्याय संहितेच्या कलम ३(३) प्रमाणे पती किंवा पत्नी, कारकून किंवा नोकर यांच्याकडे एखाद्याच्या वतीने असलेली वस्तू त्या व्यक्तीच्याच ताब्यात समजली जाते. "माल दुकानातल्या पोराने घेतला, मी गावाला होतो" एवढ्याने मालक सुटत नाही. पण माल चोरीचा असल्याचे मालकाला ठाऊक होते का, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

आरोपीने 'माल काढून दिला' असा पंचनामा असतो. त्याचे वजन किती?

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. अपवाद साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकाचा, म्हणजे जुन्या कलम २७ चा. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तुस्थिती उघड झाली, तर तिच्याशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढाच भाग वाचता येतो. "मी घरफोडी करून आणलेले दागिने गोठ्यातल्या गव्हाणीखाली पुरले आहेत, चला दाखवतो" या वाक्यातले 'गव्हाणीखाली पुरले आहेत, दाखवतो' एवढे राहते. 'घरफोडी करून आणलेले' गाळले जाते. प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातले अंतिम अपील न्यायालय) १९४७ च्या पुलुकुरी कोट्टाया निकालापासून ही रेघ पक्की आहे.

कागद दोन असतात. आधी निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपी जे बोलला ते त्याच्या शब्दांत. मग जागेवर जाऊन केलेला जप्ती पंचनामा. त्यात चुका कुठे होतात हे एकदा नीट पाहून ठेवावे:

- निवेदनाची वेळ आणि अटकेची वेळ जुळत नाही, किंवा दोन्ही पंचनाम्यांच्या वेळांत प्रवासाला लागणारा वेळच बसत नाही.
- ठिकाण पोलिसांना आधीच ठाऊक होते. मग उघडकीला आले असे काही राहतच नाही.
- जागा सगळ्यांना मोकळी आहे. त्र्यंबकच्या खटल्यात माल एका उघड्या शेतातून काढला होता. माल तिथे आहे हे आरोपीला ठाऊक होते, पण तो त्यानेच ठेवला असे त्यातून निघत नाही, असे न्यायालयाने म्हटले.
- वस्तू जागेवरच सीलबंद केली नाही, लाखेचा नमुना ठेवला नाही, मुद्देमाल रजिस्टरला नोंद दोन दिवसांनी.
- तेच दोन पंच त्याच ठाण्याच्या दहा प्रकरणांत. पंच फितूर झाला तरी तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर जप्ती सिद्ध होऊ शकते, पण ती साक्ष मग फार बारकाईने तपासली जाते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १०५ ने झडती व जप्तीचे, यादी करून तिच्यावर पंचांच्या सह्या होईपर्यंतचे, दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. बचावाच्या वकिलाने दोषारोपपत्राच्या प्रतींबरोबर हे चित्रीकरण मागून घेतलेच पाहिजे. पंचनाम्यात लिहिलेले आणि चित्रीकरणात दिसणारे जुळते की नाही, हे तपासण्याइतके उपयोगी काम या खटल्यांत दुसरे नाही.

समाधानकारक खुलासा म्हणजे काय? तो किती पक्का हवा?

संभवनीय वाटेल इतका. आरोपीला तो वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही. खुलासा खरा असणे शक्य आहे असे न्यायालयाला वाटले आणि सरकार पक्षाने तो खोडला नाही, तर गृहीतक तिथेच थांबते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे विशेष माहितीतली गोष्ट सांगण्याचा भार त्या व्यक्तीवर असतो खरा, पण सरकार पक्षाच्या पुराव्यातली भोके बुजवण्यासाठी ते कलम वापरता येत नाही.

खुलाशाची ताकद दोन गोष्टींत असते: तो किती लवकर दिला, आणि त्यातली किती माहिती पडताळून पाहता येते. "बाजारात एका माणसाकडून घेतला" यात पडताळण्यासारखे काही नाही. "अमुक तारखेला, अमुक नावाच्या माणसाकडून, या नंबरवर बोलणे झाले, यूपीआयने साडेसात हजार दिले" हे तपासता येते. पोलिसांनी तपासले नाही, तर ती त्यांची उणीव ठरते. पहिल्यांदा एक, कोर्टात दुसरेच सांगितले, तर मात्र तो खुलासा आरोपीच्याच विरोधात बोलू लागतो.

मग गप्प राहिलो तर?

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणावरही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि पोलिसांपुढे गप्प राहणे हा गुन्हा नाही. पण चारही मूलभूत गोष्टी सिद्ध झाल्या असतील आणि आरोपीने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खालच्या न्यायालयाच्या प्रश्नांना फक्त "खोटे आहे" म्हटले असेल, तर गृहीतकाला उत्तर देणारे काहीच नोंदीवर राहत नाही. हाताशी खरा खुलासा असेल तर तो लेखी, वकिलाच्या सल्ल्याने आणि लवकर नोंदीवर आणावा. साक्षीदारांच्या उलटतपासणीत पहिल्या दिवसापासून तोच धागा दिसायला हवा. शेवटच्या दिवशी सांगितलेल्या खुलाशावर फार कमी न्यायाधीश विश्वास ठेवतात.

चोर आणि चोरीचा माल घेणारा, दोन्हींची शिक्षा एकाच माणसाला होते का?

त्याच मालासाठी नाही. चोराने चोरलेला माल स्वतःजवळ ठेवला तर तो चोरच. दोष यांपैकी कशाचा, हे आधी स्पष्ट नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४४ प्रमाणे पर्यायी दोषारोप ठेवता येतात, आणि त्याखालचे उदाहरणही नेमके असेच आहे. पुराव्यातून जो सिद्ध होईल त्याची शिक्षा होते.

माल सापडला म्हणून खुनाचाही आरोप सिद्ध धरतात का?

चोरी आणि खून एकाच प्रसंगात घडले असतील आणि मयताचे दागिने लगेचच आरोपीकडे मिळाले, तर इतर परिस्थितीजन्य पुराव्याच्या जोडीने तसा निष्कर्ष काढला गेला आहे. गुलाबचंद (१९९५) खटल्यात माल तीन-चार दिवसांत मिळाला होता. पण नुसती जप्ती पुरेशी नाही, हे सन्वत खान (१९५६) निकालात स्पष्ट आहे. इतर दुवे नसतील तर चोरीच्या मालाच्या दोषापुढे न्यायालयाने जाऊ नये.

'ठाऊक असणे', 'मानण्यास कारण असणे' आणि 'संशय येणे' यांत फरक आहे?

न्याय संहितेच्या कलम ३१७(२) साठी पहिल्या दोहोंपैकी एक लागते, जोडीला अप्रामाणिक हेतू. 'मानण्यास कारण' याची व्याख्याच सांगते की पुरेसे कारण असेल तरच, एरवी नाही. नुसता संशय, निष्काळजीपणा किंवा चौकशी न करणे यावर शिक्षा होत नाही. शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून आरोपीला सोडले. माल स्वस्तात मिळाला, विकणारा अनोळखी होता, एवढ्याने 'ठाऊक होते' ठरत नाही.

मात्र या खुणा एकावर एक चढल्या की चित्र बदलते. बाजारभावाच्या पाव किमतीत माल, रात्री उशिरा व्यवहार, पावती नाही, क्रमांक घासलेला, सगळी रक्कम रोख, आणि घेणारा त्याच धंद्यातला मुरलेला व्यापारी. त्यातही घासलेला क्रमांक ही सर्वांत वाईट खूण. त्याला निरागस कारण देणे जवळजवळ अशक्य असते.

घेताना माहीत नव्हते, नंतर कळले. आता?

कलम 'घेणे' आणि 'जवळ ठेवणे' या दोन्हींसाठी आहे. कळल्यानंतर अप्रामाणिकपणे ठेवली तर त्या क्षणापासून गुन्हा सुरू होतो. वस्तू पुढे विकून मोकळे होणे तर सर्वांत घातक. त्याने ३१७(५) म्हणजे विल्हेवाटीला मदत हेही मागे लागते. वस्तू वापरणे थांबवा, काहीही पुसू नका, आणि कोणाकडून कधी घेतली ते लिहून पोलीस ठाण्यात द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या.

जुनी वस्तू घेताना नेमके काय तपासावे?

मोबाइल: *#०६# डायल करून स्क्रीनवर येणारा आयएमईआय खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. दोन सिमचा फोन असेल तर क्रमांक दोन येतात, दोन्ही पाहा. मग केवायएम (इंग्रजीत KYM), मोकळी जागा आणि पंधरा अंकी क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा, किंवा संचार साथी पोर्टलवर तपासा. 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' आले तर व्यवहार तिथेच सोडा. 'व्हॅलिड' आले तरी चोरी झालीच नाही असे नव्हे; मालकाने अजून तक्रार केलेली नसेल. म्हणून विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि सहीची पावती ठेवा. पोलीस त्या फोनमध्ये कोणते सिम कधी पडले हे कंपनीकडून काढतात. तुमचे सिम पडल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख जुळली की निम्मा खुलासा आपोआप उभा राहतो.

गाडी: चासी आणि इंजिनचा क्रमांक स्वतः वाचा, आरसीशी आणि परिवहनच्या नोंदीशी ताडून पाहा. अक्षरांची उंची कमीजास्त, आजूबाजूचा रंग नवा, पत्रा घासलेला दिसला तर थांबा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) सेवेतून वाहन चोरीच्या नोंदीत आहे का हे पाहता येते. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन तीस दिवसांत नावावर करून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षभर तशीच फिरवणारा माणूस स्वतःचाच पुरावा नष्ट करत असतो.

सोने: मोड घेणाऱ्या सोनाराने ओळखपत्र, फोटो, वजन, दागिन्याचे वर्णन आणि जमल्यास मूळ बिल घ्यावे, आणि दागिना लगेच आटवू नये. सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्क दागिन्यावरचा ओळख क्रमांक) बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. त्यातून शुद्धता आणि घडवणाऱ्याची नोंद कळते, आजचा मालक कोण हे कळत नाही.

पैसे शक्यतो बँकेतून द्या. पुढे कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही; बँकेचा उतारा आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागते. मूळ फोन आणि चॅट जपून ठेवा.

भंगार व्यावसायिकांसाठी वेगळा नियम आहे का?

दोन कायदे ध्यानात ठेवावे लागतात, आणि दोन्हींत भार बऱ्याच अंशी ताबा असणाऱ्यावर येतो.

रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम १९६६ चे कलम ३. रूळ, फिशप्लेट, तांब्याची तार असा चोरीचा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल जवळ मिळाला, तर तो कायदेशीर मार्गाने आला हे ताबा असणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि विशेष कारणे नसतील तर किमान एक वर्ष. चौकशी रेल्वे सुरक्षा दल करते. त्यांच्या अधिकाऱ्याला 'पोलीस अधिकारी' मानले जात नाही, असे बालकिशन देवीदयाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८०) या निकालाने ठरले आहे; त्यामुळे त्यांच्यापुढे दिलेला जबाब पुराव्यात येऊ शकतो. तिथे सही करताना हे लक्षात असू द्या. रेल्वेचे भंगार लिलावात घेतले असेल तर डिलिव्हरी ऑर्डर आणि गेटपास लॉट संपेपर्यंत नव्हे, वर्षानुवर्षे जपा.

दुसरे, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२४. चोरीची असावी असे मानण्यास कारण असलेली वस्तू जवळ आहे, नेली जात आहे किंवा विकायला काढली आहे आणि दंडाधिकाऱ्यांचे समाधान होईल असा खुलासा नाही, तर शिक्षा होते. ती कलम ३१७ पेक्षा सौम्य आहे. फिर्यादी सापडत नाही तेव्हा हे कलम लावले जाते. पण 'मानण्यास कारण' आधी पोलिसांनी दाखवायचे असते. रात्री सायकलवरून जाणाऱ्या माणसाकडे बिल नाही हे कारण नव्हे.

फसवणुकीचे पैसे माझ्या बँक खात्यात आले तर?

१ जुलै २०२४ नंतरच्या घटनांत फसवणुकीतून गेलेली मालमत्ताही चोरीचा माल असल्याने, खाते भाड्याने देणाऱ्यांविरुद्ध कलम ३१७ लावता येते. त्याआधीच्या घटनांना नवी व्याख्या मागे नेऊन लावता येणार नाही. अनुच्छेद २०(१) आड येतो. खात्यात पैसे येणे म्हणजे जाणीव नव्हे. पण एटीएम कार्ड, पासबुक आणि सिम तिसऱ्याला देऊन कमिशन घेतले असेल, तर 'माहीत नव्हते' हे पटवणे अवघड जाते. अनोळखी रक्कम आली तर ती कोणाच्या सांगण्यावरून पुढे पाठवू नका. बँकेला लेखी कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंदवा.

मी प्रामाणिकपणे घेतले होते. वस्तू माझीच राहील ना?

नाही. गुन्ह्यातून सुटणे आणि मालकी मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम २७ प्रमाणे विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडे तो शून्य. अपवाद फसवून घेतलेल्या मालाचा. मालकाने स्वतःच, फसून का होईना, विकला असेल आणि करार रद्द करण्याआधी तिसऱ्याने तो प्रामाणिकपणे घेतला असेल, तर कलम २९ त्याला वाचवू शकते.

पैशांसाठी दोन वाटा. विकणाऱ्यावर दिवाणी दावा, किंवा नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९९: आरोपीला शिक्षा झाली, अटकेच्या वेळी त्याच्याकडून रोकड मिळाली आणि वस्तू मालकाला परत दिली, तर त्या रोकडीतून तुम्ही दिलेल्या किमतीपर्यंतची रक्कम मिळावी असा अर्ज करता येतो. आरोपीकडे रोकड सापडलीच नसेल तर या कलमातून काही हाती लागत नाही.

माझी चोरीला गेलेली वस्तू सापडली आहे. खटला संपेपर्यंत थांबायचे का?

गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परतीचा अर्ज करा. सुंदरभाई अंबालाल देसाई (२००२) निकालापासून धोरण स्पष्ट आहे: फोटो आणि पंचनामा करा, बंधपत्र घ्या, वस्तू देऊन टाका, ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नका. कलम ४९७ ने मुदतही घातली आहे. वस्तू सादर झाल्यापासून चौदा दिवसांत तिचे विवरण, फोटो, गरज असेल तर चित्रीकरण, आणि त्यानंतर तीस दिवसांत न्यायालयाचा आदेश. अर्जासोबत बिल, आरसी किंवा विम्याचे कागद, फिर्यादीची प्रत आणि ओळखपत्र जोडा. विमा कंपनीने दावा दिला असेल तर गाडीवर तिचाही हक्क येतो, तिचे ना-हरकत पत्र आधी घ्या. वस्तू मिळाल्यावर विकण्याआधी बंधपत्राच्या अटी वाचा. खटल्यात पुन्हा हजर करावी लागेल अशी अट बहुधा असतेच.

शिक्षा, जामीन, तडजोड?

३१७(२) खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन मिळत नाही असे नाही. तो न्यायालयाकडे मागावा लागतो. अटकेऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस आली तर दिलेल्या तारखेला कागदांसह हजर राहा. मालाची किंमत वीस हजारांपर्यंत असेल तर त्याच संहितेच्या कलम २८३ प्रमाणे खटला संक्षिप्त पद्धतीने चालतो. मालाच्या मालकाला तडजोड करता येते. दरोड्यातला माल आहे हे ठाऊक असून ठेवला, किंवा चोरीच्या मालाचा सराईत धंदा केला, तर ३१७(३) आणि (४) खाली शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. पण माल चोरीचा आहे हे गृहीत धरता आले, म्हणून तो दरोड्याचा आहे हेही आरोपीला ठाऊक होते असे गृहीत धरता येत नाही. ती जाणीव स्वतंत्र पुराव्याने दाखवावी लागते.